पेटीतले पाहुणे सूर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही मजकूर द्यावा, अशी आज्ञा संपादक समितीकडून झाली, तेव्हा एखादा प्रवासवर्णनाचा तुकडा देऊन मोकळे व्हावे असा माझा विचार होता. परंतु समितीतील एका भगिनींनी स्पष्टच बजावले, "तुम्ही आपल्या पेटीवर लिहा. तिच्यावर खर्च किती झाला ते हिशेबात आले आहे. का झाला, ते कुठेच आलेले नाही." आयुष्याची तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखा विभागात घालविलेल्या माणसाला असा आक्षेप अनुत्तरित ठेवणे अवघड. तेव्हा हा लेख म्हणजे विलंबाने सादर केलेले एक स्पष्टीकरण आहे, असे वाचकांनी समजावे. स्पष्टीकरण थोडे लांबले आहे, कारण खर्चाचे मूळ शोधता शोधता मी पॅरिसपर्यंत जाऊन पोहोचलो.

ही पेटी आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. सव्वातीन सप्तकांची, एकोणचाळीस पट्ट्यांची, खर्जाची एक आणि नराची एक अशा सुरांच्या दोन ओळी असलेली. मंडळाच्या पहिल्या पिढीतील सभासदांनी वर्गणी काढून ती मुंबईहून मागविली, आणि रेल्वेच्या डब्यात बाकाखाली न ठेवता आळीपाळीने मांडीवर घेऊन ती चंदीगडास आणली, असे सांगतात. तेव्हापासून गणेशोत्सवाची आरती, कोजागिरीची गाणी, दिवाळी पहाट आणि मंडळाने हौसेने बसविलेले संगीत नाटकांतील प्रवेश, हे सर्व तिने निभावले. तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात मात्र, आरती ऐन रंगात असताना तिचे मधल्या सप्तकातील दोन सूर मुके झाले आणि तिसरा एकसारखा भुंकू लागला. कार्यकारिणीपुढे प्रश्न आला, नवी घ्यावी की हीच दुरुस्त करावी?

त्या सुमारास माझा भाचा सुटीसाठी आमच्याकडे आला होता. त्याला माउथ ऑर्गनचा नाद. एके दुपारी पाहतो तो, जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून त्याने दोन माउथ ऑर्गन पार उकलून ठेवलेले. एकाचे लाकडी अंग ओलसरपणाने फुगून ओठांना टोचत होते, पण सूर गोड होते. दुसऱ्याचे अंग प्लॅस्टिकचे, गुळगुळीत, पण सूर कर्कश. त्याने पहिल्याच्या पितळी पट्ट्या दुसऱ्याच्या अंगावर बसविल्या, वरून तिसऱ्याच एका बाजाची झाकणे लावली आणि समाधानाने फुंकर मारली. मी विचारले, "अरे, हे असे एकाचे दुसऱ्याला बसते?" तो म्हणाला, "मामा, सगळ्यांचे सगळ्यांना नाही बसत. पण जिथे बसते तिथे कंपन्याच तशी सोय करून देतात." चौकशी करता कळले की त्याचे म्हणणे खरे आहे. जर्मनीतील ट्रोसिंगन गावी १८५७ साली माथियास होनर याने माउथ ऑर्गनचा उद्योग सुरू केला. त्या कंपनीचा 'मरीन बँड' हा १८९६ पासूनचा प्रसिद्ध बाजा लाकडी अंगावर खिळ्यांनी ठोकलेला असे. तो उघडणे म्हणजे निम्मा मोडणे. पुढे १९८३ पासून जपानच्या तोंबो कंपनीने बनविलेल्या 'ली ऑस्कर' बाजासाठी सुरांच्या पट्ट्या सुट्या मिळू लागल्या, आणि १९९०च्या दशकात होनरनेही स्क्रूने उघडणारी, एका नमुन्याचे भाग दुसऱ्यास चालतील अशी मालिका काढली. वादक चोरून करीत होते ते अशा रीतीने राजमान्य झाले.

भाच्याच्या मेजावरील ती पितळी पट्टी मी हातात घेतली आणि मला एकदम आजोबांची पेटी आठवली. ते सूर आणि हे सूर एकाच कुळातले. आकार लहान, एवढाच भेद.

हे कूळ मोठे मनोरंजक आहे. पितळेची एक चपटी पट्टी घ्यावी, तिच्यात लांबट आयताकृती खाच पाडावी, आणि त्या खाचेवर एका टोकाशी जखडलेली, दुसऱ्या टोकाशी मोकळी अशी पितळेचीच पातळ जीभ बसवावी. हवा खाचेतून जाऊ लागली की जीभ खाचेत आतबाहेर थरथरते आणि सूर उमटतो. जीभ खाचेच्या कडांना शिवता कामा नये, आणि कडा व जीभ यांत फट राहिलेलीही चालत नाही. सारी कारागिरी त्या केसभर अंतरात आहे. जिभेचे टोक किंचित खरवडले तर ती हलकी होऊन सूर चढतो. मुळाशी खरवडले तर ती लवचीक होऊन सूर उतरतो. मोकळे टोक पट्टीच्या पातळीपासून फार उंच राहिले तर सूर उशिरा बोलतो, अगदी चिकटून राहिले तर गुदमरतो. माउथ ऑर्गन असो, अॅकॉर्डियन असो की आपली बाजाची पेटी असो, नियम हेच. चीनमध्ये 'शंग' नावाच्या मुखवाद्यात ही मोकळी जीभ फार प्राचीन काळापासून आहे. अठराव्या शतकात ती कल्पना युरोपात रुजली आणि पुढच्या शतकात तिला जणू बहर आला. १८२९ मध्ये व्हिएन्नात डेमियन याने अॅकॉर्डियनचे, तर १८४२ मध्ये पॅरिसला अलेक्झांद्र दबँ याने 'हार्मोनियम' या नावाच्या वाद्याचे स्वामित्व नोंदविले.

दबँचे वाद्य मेजाएवढे, खुर्चीवर बसून वाजवायचे, पायांनी भाता हाणायचे. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात आले. आपली बैठक जमिनीवरची. तेव्हा पाय गेले, भाता पाठीमागे आला, आणि उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर अशी वाटणी झाली. हे रूप रूढ करण्याचे श्रेय कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष आणि त्यांची 'द्वारकिन' ही पेढी यांस देतात. काळ एकोणिसाव्या शतकाचा शेवटचा चरण. विलायती कारागिराने एकसंध केलेल्या वाद्याचे पाय काढून त्यास आपल्या मांडीजोगे केले, म्हणजे आपल्याकडे या वाद्याचा आरंभच मुळी मोडतोडीने आणि जोडणीने झाला. हा मुद्दा पुढे माझ्या फार उपयोगी पडला.

महाराष्ट्रात पेटीला घर मिळाले ते रंगभूमीवर. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात झाले आणि पुढील काही वर्षांतच नाट्यपदांच्या साथीला पेटी अपरिहार्य होऊन बसली. नटाला सूर हवा, तो तत्काळ हवा, आणि दुसऱ्या गावी बैलगाडीतून नेला तरी तोच हवा. सारंगी मधुर खरी, पण तिची तब्येत सांभाळणे हे एक वेगळेच बिऱ्हाड. शिवाय सारंगी शिकावयास गुरूच्या घरी वर्षे घालवावी लागत. पेटी मात्र शाळामास्तर, कारकून, कीर्तनकार, भजनी मंडळी अशा कोणाच्याही घरी नांदू लागली. पांढरपेशा घरातील मुलींच्या गाण्याच्या शिक्षणाचा दरवाजाही बऱ्याच ठिकाणी याच पेटीने उघडला. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी तर या परक्या वाद्याला मराठी वळण लाविले. भास्करबुवा बखल्यांची साथ, १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली, १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीतील भागीदारी, अशा सर्व ठिकाणी त्यांच्या बोटांबरोबर पेटी हिंडली. मोठ्या नाटक कंपन्यांनी पुढे पायाने चालणारा ऑर्गन आणला, आणि रंगमंचासमोरच्या त्या ऑर्गनचा पहिला स्वर म्हणजे पडदा उघडण्याची खूण असे आमच्या आजोबांच्या पिढीला वाटे.

आजोबा सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी भजनाला पेटी वाजवीत. त्यांची पेटी कोणाच्या हातची होती ते खोक्यावर लिहिलेले नव्हते. पण नराचे सूर 'पॅरिसचे' आहेत, हे ते पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्या काळी पेट्यांची प्रतवारी खोक्यावरून होत नसे, सुरांवरून होई. 'पॅरिस कासरियल' आणि 'जर्मन ज्युबिली' ही नावे जाणकारांच्या तोंडी दागिन्यांसारखी असत. देशी सुरांत सौराष्ट्रातील पालिताणा गावाचे नाव झाले. दादरच्या हरिभाऊ विश्वनाथ (स्थापना १९२५) यांच्यासारख्या मराठी पेढ्यांनी उत्तम पेट्या घडविल्या. परंतु परदेशी सुरांचा ओघ आटल्यावर काय झाले असेल, याची कल्पना वाचक करू शकतील. जुनी पेटी मोडकळीस आली की तिचे सूर स्क्रू फिरवून काढायचे आणि नव्या सागवानी खोक्यात बसवायचे, हा रिवाज पडला. खोके मुंबईचे, भाता पुण्यात बदललेला, खर्ज पालिताण्याचा आणि नर पॅरिसचा, अशा पेट्या महाराष्ट्रात घरोघर निघतील. त्यांची जन्मपत्रिका मांडू म्हटले तर कोणाही ज्योतिषाला घाम फुटेल.

येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पेटीवरील सर्व वादाचे मूळ तीत आहे. पेटीचे बारा सूर सप्तकात समान अंतरावर बसविलेले असतात. पाश्चात्त्य वाद्यांची ती सोय आहे, त्यामुळे कोणत्याही पट्टीला षड्ज मानता येतो. पण ही सोय फुकट मिळत नाही. समजा, षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा, गवयाच्या गळ्याला सहज सापडणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. पेटीचा गंधार भरतो सुमारे ३०२.४. शुद्ध धैवत ४०० हवा, तो येतो ४०३.६. पंचम मात्र ३६० ऐवजी ३५९.६, म्हणजे जवळजवळ निर्दोष. कान तयार असलेल्या माणसाला तो चढा गंधार खड्यासारखा लागतो, आणि आमच्यासारख्यांना लागत नाही याचे कारण आम्ही लहानपणापासून तो खडाच भात समजून खात आलो.

हा खडा काढण्याचा पहिला मोठा उद्योग कोणी केला? एका डेप्युटी कलेक्टराने आणि एका जिल्हा न्यायाधीशाने! सरकारी नोकरांवर अरसिकतेचा आरोप नेहमी होतो म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्तीनंतर ताणलेल्या तारेच्या उपकरणावर गवयांचे सूर मोजीत बसले आणि १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना मिळाले. दोघांच्या खटपटीतून सप्तकात बारांहून अधिक सूर असलेली 'श्रुति-हार्मोनियम' तयार झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई त्यांच्या बाजूने उभा राहिला. सन १९१६ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली आणि पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी परीक्षेला बसविण्यात आली आणि जमलेल्या पंडित-उस्तादांच्या कसोटीस ती उतरली नाही. देवलांचे गणित चुकले होते की गवयांचे गळे रागागणिक निराळे होते, हा वाद आजही मिटलेला नाही. मला स्वतःला वाटते, दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर होते. तारेवर मोजलेला सूर स्थिर असतो. गाणारा माणूस श्वास घेतो.

त्यानंतर आघात झाला तो सरकारी. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीवर कडाडून टीका केली. मीड काढता येत नाही, श्रुती साधत नाहीत, आवाज एकसुरी, असे आक्षेप. रवींद्रनाथ ठाकुरांचा तर तिच्यावर जुनाच राग होता, आणि जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता केंद्राला तसे पत्रही लिहिले. मार्च १९४० पासून नियंत्रक लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत पेटी आकाशवाणीतून हद्दपार झाली. साहेब गेले, स्वराज्य आले, पण हुकूम राहिला. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर होते. ज्या पुण्यात घराघरांतून पेटी वाजत होती, तेथील गृहस्थाच्या कारकिर्दीतही ती आकाशवाणीच्या दाराबाहेरच उभी होती! फाइलवर एकदा पडलेला शेरा किती दीर्घायुषी असतो, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९७० साली आकाशवाणीने या प्रश्नावर चर्चासत्र भरविले, आणि १९७१ मध्ये साथसंगतीपुरता हा दरवाजा किलकिला झाला. म्हणजे एकतीस वर्षे. आजोबा रेडिओवर नाट्यसंगीत लावीत आणि साथीची सारंगी ऐकून म्हणत, "छान आहे, पण आपल्या घरचं माणूस पंगतीला नाही."

वनवासाच्या त्या काळातही मराठी मंडळींनी पेटी सोडली नाही, हे विशेष. गोव्याकडचे पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, बेळगावचे राम विजापुरे यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. पु. ल. देशपांड्यांच्या पेटीविषयी तर मराठी माणसाला सांगावयास नकोच. आणि खटपटी लोकांनी तिच्या अंतरंगातील फेरबदलही चालू ठेविले. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी तिला स्वरमंडळाच्या तारांची जोड दिली आणि 'संवादिनी' हे नाव दिले. देवलांचे अपुरे राहिलेले काम पुढे पेशाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओक यांनी वेगळ्या वाटेने नेले. षड्ज आणि पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा पट्ट्यांना प्रत्येकी दोन सूर द्यायचे, आणि पट्टीखालची खुंटी आतबाहेर करून रागाला हवा तो निवडायचा; दोन आणि वीस मिळून बावीस. सामान्य कारागिराजवळ याहून साधा उपाय फार पूर्वीपासून आहे, त्याला 'गंधार ट्यूनिंग' म्हणतात. गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असेल, तर त्या षड्जाला धरून गंधार, धैवत, निषाद खरवडून शुद्ध करून द्यायचे. पेटी गोड होते, परंतु त्याच षड्जापुरती. दुसऱ्याने आपला षड्ज धरला की तेच सूर बेसूर. 'स्केल चेंजर' पेटीत पट्ट्यांची सबंध ओळ सरकते, सूर जागचे हलत नाहीत, म्हणून तेथेही हा गोडवा टिकत नाही.

आता आमच्या पेटीकडे येतो. एका दुकानदाराने ती पंधरा दिवस ठेवून घेतली आणि मुक्या सुरांच्या जागी भलत्याच मापाचे सूर खाली पुठ्ठ्याचे तुकडे देऊन बसविले. परत आली तेव्हा ती तीन ठिकाणांहून श्वास टाकीत होती. नराची सबंध ओळच झिजली आहे असे दुसऱ्या कारागिराने सांगितले. हे अमृतसरकडचे एक वृद्ध सरदारजी, आयुष्यभर गुरुद्वाऱ्यांतील रागींच्या पेट्या दुरुस्त करीत आलेले. त्यांच्या धंद्यावरही तेव्हा सावट होते. मे २०२२ मध्ये अकाल तख्ताच्या जथेदारांनी सुवर्णमंदिरातील कीर्तनातून तीन वर्षांत हार्मोनियम टप्प्याटप्प्याने कमी करून परंपरागत तंतुवाद्ये आणावीत, असे सुचविले होते. आपल्याकडचाच जुना वाद पंजाबीत ऐकतो आहोत, असे मला वाटले. सरदारजी मात्र शांत होते. "रबाब यावा, जरूर यावा," ते म्हणाले, "पण खेड्यातल्या गुरुद्वाऱ्यात रबाब शिकवायला कोण बसणार आहे?" मग त्यांनी विचारले, "जुने विलायती सूर कोणाकडे असतील तर पाहा. ही पेटी त्या लायकीची आहे."

विलायती सूर माझ्याच घरी होते. गावच्या माडीवर आजोबांच्या पेटीचे खोके वाळवीने पोखरले होते, भात्याचे कातडे उंदरांनी खाल्ले होते. मी फोनवर वडील बंधूंना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णांची पेटी मोडून तू तिकडे परमुलखात देणार? आणि ती दुरुस्त करून इथेच ठेवली तर?" मी म्हणालो, "दादा, इथे म्हणजे कुठे? वाजवणार कोण? तू वाजवतोस का?" हे बोलायला नको होते. दादांचा उजवा हात अर्धांगवायूने गेली सहा वर्षे लुळा आहे, आणि त्यापूर्वी गणपतीत ती पेटी तेच वाजवीत असत. मी क्षमा मागितली आणि विषय तेथेच सोडला.

दोन महिने गेले. त्या काळात मी हा सगळा इतिहास वाचीत होतो, आणि वाचलेले दादांना पत्राने कळवीत होतो. फोनवर मला धीर होत नसे. द्वारकानाथ घोषांनी पेटीचे पाय काढले, ओकांनी प्रत्येक पट्टीला दोन जिभा दिल्या, हे सर्व लिहिले. माझा हेतू शुद्ध होता असे म्हणवत नाही. मी वकिली करीत होतो. अखेर दादांचे एक कार्ड आले. डाव्या हाताने लिहिलेले, चार ओळींचे. त्यात एवढेच होते की खोके त्यांनी स्वतः नीट पाहिले, आतल्या बाजूस पेन्सिलीने जुन्या दुरुस्तीची नोंद आहे, आणि अण्णांनीच हे पॅरिसचे सूर दुसऱ्या एका मोडलेल्या पेटीतून काढून १९३८ साली या खोक्यात बसवून घेतले होते. "म्हणजे ते आपल्याकडेही पाहुणेच. घेऊन जा. नरच ने, खर्ज राहू दे." त्या दिवाळीत मी गावी गेलो. दादा शेजारी बसले, मी एक एक स्क्रू काढला, आणि एकोणचाळीस सूर अनुक्रमांक घालून जुन्या पंचांगाच्या पानांत गुंडाळले.

सूर आणले म्हणजे काम संपले, असे मला वाटले होते. पण पट्ट्यांची लांबी जुळेना. सुरांच्या फळीवरील छिद्रे बुजवून पुन्हा कोरावी लागली, आणि खर्चाच्या नोंदीतील 'सुतारकाम' ही रक्कम त्याची आहे. मग त्याहून मोठी अडचण निघाली. सरदारजींनी खर्ज आणि नर एकत्र वाजविले, तर पेटी लाटेसारखी हेलकावू लागली. माझ्या भाच्याने भ्रमणध्वनीवरील मापकाने मोजून पाहिले. मंडळाचा देशी खर्ज आजच्या सर्वमान्य मानाचा, म्हणजे ज्या सुराला पाश्चात्त्य 'ए' म्हणतात तो ४४० कंपनांना जुळणारा. आजोबांचा नर ४३५ ला. फ्रान्समध्ये १८५९ साली सरकारने कायद्याने जे मान ठरवून दिले, ते नेमके ४३५. शेजारी शेजारी वाजविले की सेकंदाला पाच हेलकावे! आजोबांची पॅरिसविषयीची बढाई खरी होती, याचा मला मिळालेला हा पहिला सबळ पुरावा. लेखापरीक्षकाला यापेक्षा चांगले प्रमाणपत्र कोणते हवे?

आता दोनच मार्ग होते. जुन्या सुरांची टोके खरवडून ते चढवायचे, किंवा नव्या खर्जाची मुळे खरवडून तो उतरवायचा. व्यवहार पहिल्याच्या बाजूने होता, कारण सगळे जग ४४० वर आहे. कार्यकारिणीत मते विभागली. एक सभासद म्हणाले, मंडळाची मालमत्ता प्रचलित मानकाप्रमाणे असली पाहिजे, आणि त्यांचे चूक नव्हते. निर्णय सरदारजींच्या हाताने झाला. त्यांनी आजोबांचा एक सूर उजेडात धरला, जिभेवरून बोट फिरविले आणि म्हणाले, "ही जीभ आजवर किती वेळा खरवडली गेली आहे पाहा. आणखी पातळ केली तर दोन वर्षांत तुटेल. नवीन खर्ज तुटला तर बाजारात मिळेल, हा मिळायचा नाही." म्हणून देशी सूरच उतरले. खर्जाचे एकोणचाळीस सूर खरवडून नराशी जुळवायला अकरा दिवस लागले. त्यातच त्यांनी विचारले, की मंडळात गाणारे बहुतेक कोणत्या पट्टीत गातात? मी विचारपूस करून सांगितले, पुरुष काळी एक, स्त्रिया काळी चार, पाच, आणि आरती ज्याच्या त्याच्या पट्टीत. ते हसले, आणि गंधार ट्यूनिंगचा विचार त्यांनी सोडून दिला.

गेल्या वर्षी आपले काही सभासद सेक्टर १८ मधील टागोर थिएटरात गायले, तेव्हा साथीला ही पेटी होती. ज्यांना तिचा आवाज सोसत नसे त्यांच्याच नावाच्या वास्तूत ती वाजली, हे माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले की नाही, ठाऊक नाही. दादांना त्याची ध्वनिफीत पाठविली. त्यांचे उत्तर आले, "वरचा पंचम अजून उशिरा बोलतो. अण्णांच्या वेळीही बोलत असे." मी सरदारजींना सांगितले, त्यांनी जीभ किंचित दाबून पाहिली आणि तशीच राहू दिली.

बाकी अडचण एवढीच उरली आहे की आपले नव्या पिढीतील जे चिरंजीव गणेशोत्सवात कीबोर्ड वाजवितात, त्यांना दरवर्षी बसण्यापूर्वी यंत्रातील मान ४४० वरून ४३५ वर आणावे लागते. पहिल्या वर्षी ते विसरले होते. आता त्यांनी कीबोर्डच्या पाठीवर खडूने आकडा लिहून ठेवला आहे.